जांघेत पुन्हा पुन्हा गाठी येतात, त्या कशाच्या?

प्रश्न असा आला आहे. वय २७, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत नोकरी. दोन वर्षांपासून जांघेत वाटाण्याएवढ्या गाठी येतात, कधी डावीकडं, कधी उजवीकडं. आठ-दहा दिवस ठणकतात. मग एखादी आपोआप बसते, एखादी फुटून पू-रक्त येतं. मेडिकलमधून गोळ्या आणल्या की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा तेच. एकदा दवाखान्यात चिरा देऊन पू काढला, तर तिथंच परत आली. लग्नाचं बोलणं सुरू आहे, घरात कुणाला सांगितलेलं नाही. 'हे कॅन्सरचं तर नाही ना? की गुप्तरोग आहे?'

शेवटच्या दोन वाक्यांचं उत्तर आधी देतो, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. येते, दुखते, फुटते, जाते आणि पुन्हा येते अशी गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता फार कमी. कॅन्सरची गाठ सहसा अशी ये-जा करत नाही. बहुतेक वेळा न दुखता वाढत राहते. गुप्तरोगाचं खाली सविस्तर लिहितो, पण तुमचं वर्णन त्यातही फारसं बसत नाही. माझा अंदाज कातडीच्या एका जुनाट आजाराकडं जातो. त्याचं नाव तुम्हाला आजवर कुणी सांगितलेलं दिसत नाही. अर्थात हा अंदाजच. जांघेतली गाठ हाताला लागल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, आणि कुणी फोनवरून छातीठोकपणे सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

ओपीडीत मी पहिली गोष्ट बघतो ती ही, की गाठ कातडीत आहे की कातडीखाली. हे तुम्ही घरीही बघू शकता. आंघोळीनंतर पाठीवर आडवे पडा, पाय सैल सोडा, आणि गाठीवरची कातडी दोन बोटांच्या चिमटीत हलकेच उचला. कातडीबरोबर गाठही वर आली, तर ती कातडीतली: केसाच्या मुळाची, सिस्टची (म्हणजे कातडीतल्या बंद पिशवीची) वगैरे. कातडी वर आली पण गाठ खालीच राहिली आणि बोटाखालून सटकली, तर ती बहुधा लिम्फ नोड, म्हणजे जंतूंना अडवणारी ग्रंथी. ती सुजली की गावाकडं तिला अवधाण म्हणतात. आणि आडवं पडल्यावर गाठ सापडतच नाही, उभं राहून खोकलं की पुन्हा फुगते, असं असेल तर हर्निया समजून सर्जनकडं जायचं. दाबून, पिळून बघायचं नाही. चिमटीत उचलायचं आणि सोडायचं, तेही एकदाच.

हर्नियाचं इथंच आटोपतो. फाउंड्रीत वजनं उचलता, म्हणून तो प्रश्न मी तुम्हाला विचारणारच. पण हर्नियातून पू येत नाही, आणि तो वाटाण्याएवढा होऊन आठवड्यात फुटत नाही. पुरुषांत तो बहुतेक जांघेच्या घडीच्या वर असतो. बायकांत घडीच्या खाली एक छोटा हर्निया होतो. तो वरवर किरकोळ दिसतो आणि 'गाठच आहे' म्हणून सोडून दिला जातो. तो अडकण्याचा धोका मात्र मोठा. कुठलाही हर्निया आत जायचा बंद झाला, टणक होऊन दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री हॉस्पिटल गाठावं.

आता अवधाण. कोल्हापूर जिल्ह्यात प्रॅक्टिस करणाऱ्याला जांघेतल्या गाठींचं अर्धं शिक्षण पायांकडं बघूनच मिळतं. पावसाळ्यात पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडं भाताची लावण सुरू झाली की ओपीडीत अवधाणं दिसू लागतात. मावशी जांघ धरून लंगडत येतात. 'डॉक्टर, अवधाण आलंया, गोळी द्या.' मी आधी पाय पुढं करायला सांगतो. त्यांना ते विचित्र वाटतं. दुखतंय वर आणि हा बघतोय खाली. मग बोटांची बेचकी उघडली की दिसतं. चिखलात दिवस काढून कातडी पांढरी, फुगलेली, मधे ओली भेग. चिखल्या. त्या भेगेतून जंतू आत शिरतात आणि जांघेतल्या नोड त्यांना अडवताना सुजतात. उसाच्या हंगामात तोडलेल्या उसाचा बुडखा तळव्यात घुसलेला असतो. शहरातल्या पोरांची नवी कोल्हापुरी चप्पल अंगठ्यापाशी चावलेली असते आणि फोड फोडून त्यावर धूळ बसलेली असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर घाण पाण्यातून चालून आलेल्या लोकांचे पाय आणि जांघा मी एकाच वेळी तपासत होतो. अशा अवधाणाला औषध पायाला द्यावं लागतं. पायाची जखम किंवा चिखल्या बऱ्या झाल्या की दोन-तीन आठवड्यांत वरची गाठ आपोआप उतरते. त्या बऱ्या केल्या नाहीत, तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा हजर.

तुम्ही भट्टीजवळ बंद सेफ्टी बूट घालून आठ-आठ तास उभे असता. तेव्हा आज घरी गेल्यावर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात बघा. तिथं ओलं, पांढरं, वास येणारं काही असेल तर त्याचा इलाज वेगळा करून घ्या. मोजे रोज धुतलेले हवेत आणि बूट आलटून-पालटून वापरायला दोन जोड हवेत.

अवधाणावर बिब्बा लावू नका. गूळ-चुन्याचा लेपही नको. बिब्ब्यानं भाजून कातडी सोललेली जांघ घेऊन आलेले पेशंट मी बरेच पाहिले आहेत. मूळ गाठ आठवड्यात बसली असती, भाजलेलं महिनाभर पुरतं. कोमट पाण्याचा शेक पुरे.

या नोड नेमक्या कुठल्या भागाचा पहारा करतात हे माहीत असलं की बराच गोंधळ वाचतो. अख्खा पाय, ढुंगण, बेंबीखालच्या पोटाची कातडी, लिंग, अंडकोषाच्या पिशवीची कातडी, बायकांत योनीचा बाहेरचा भाग आणि गुदद्वाराचा अगदी खालचा भाग, एवढ्यांचा निचरा जांघेत होतो. पुरुषांच्या गोट्यांचा मात्र होत नाही. त्यांचा निचरा वर पोटात, मूत्रपिंडांच्या उंचीवरच्या नोडकडं जातो. त्यामुळं गोटीत टणक गाठ असूनही जांघ साफ असू शकते. तुमच्या वयात गोटीच्या कॅन्सरचा विचार करावाच लागतो. महिन्यातून एकदा आंघोळीत दोन्ही गोट्या बोटांनी चाचपून बघायची सवय ठेवा. प्रश्नात हे नव्हतं, पण जांघ दाखवायला लाजणारा माणूस हेही सांगत नाही.

आणखी एक. बारीक अंगाच्या माणसाच्या जांघेत, त्यातही आयुष्यभर अनवाणी चाललेल्यांच्या, एक-दीड सेंटिमीटरपर्यंतच्या मऊ, हलणाऱ्या, न दुखणाऱ्या नोड कायमच हाताला लागतात. तो आजार नव्हे. पण रोज चाचपणाऱ्याला त्या रोज थोड्या मोठ्या वाटतात, आणि सततच्या चाचपण्यानं त्या दुखूही लागतात. काळजीची नोड वेगळी असते. दोन सेंटिमीटरच्या पुढची, कडक, खाली किंवा एकमेकींना चिकटलेली, पायाला काहीही कारण नसताना चार-सहा आठवड्यांनंतरही तशीच. सोबत बारीक ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, न ठरवता उतरलेलं वजन, मानेत किंवा काखेतही गाठी. मग टीबी, लिम्फोमा (नोडचाच कॅन्सर), किंवा त्या नोडच्या पहाऱ्यातल्या एखाद्या भागाचा कॅन्सर शोधावा लागतो. सुईनं तपासणी हा पहिला टप्पा. लिम्फोमाची शंका असेल तर सुई बहुतेक वेळा अपुरी पडते, अख्खी नोड काढून पाठवावी लागते. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही भीती आमच्याकडं अजून आहे. तिच्यापायी लोक सहा-सहा महिने घालवतात आणि मग आजार खरोखर पसरलेला असतो.

गुप्तरोगाबद्दल आडपडदा न ठेवता विचारतो. कंडोमशिवाय संबंध आले आहेत का, आणि लिंगावर कधी फोड, चट्टा, जखम दिसली का? सिफिलिसची जखम दुखत नाही, आपोआप भरते, आणि जांघेतल्या नोड रबरासारख्या, न दुखणाऱ्या राहतात. म्हणून माणूस निर्धास्त होतो. हर्पिस पुन्हा पुन्हा येतो, पण गाठीच्या रूपात नव्हे, तर पाण्याच्या बारीक फोडांच्या झुबक्यानं. आधी तिथं चुणचुणतं, आग होते, मग फोड. सोबत जांघेत दुखऱ्या नोड येऊ शकतात. शँक्रॉइड आणि क्लॅमिडियाची एक जात, या आणखी दोन गुप्तरोगांमुळं येणारी जांघेतली गाठ मोठी असते, पिकते, फुटते. ती दोन वर्षं वाटाण्याएवढी राहून दोन्ही बाजूंना आळीपाळीनं येत नाही. म्हणून म्हणालो की तुमचं वर्णन तिथं बसत नाही. तरी संबंध आलेले असतील तर एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्ततपासणी लग्नाआधी करून टाका. कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय होते, आधी समुपदेशक बोलतात. सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिकही असतं. तिथं कुणी तुम्हाला चारित्र्याचा दाखला मागत नाही.

इथून पुढचं तुमच्या जवळचं आहे, म्हणून सावकाश वाचा. जांघेची कातडी बारा महिने घडीत, घामात आणि घर्षणात असते. त्यात केस. केसाच्या मुळाशी जंतू शिरले की बारीक पुळी येते. ती खोल गेली की केसतूड. जीन्स घट्ट, मोटरसायकलवर रोजचं येणं-जाणं, भट्टीची धग, आणि हल्ली वस्तऱ्यानं किंवा रेझरनं सफाचट करायची टूम. दाढी केल्यावर हनुवटीवर जसे केस उलटे आत वळून टोचतात, तसे इथंही वळतात आणि गाठ होते. ज्यांना एवढंच आहे त्यांचं काम सोपं असतं. रेझर बंद. केस फार वाटले तर ट्रिमरनं आखूड करा, कातडीला भिडवून नव्हे. आतले कपडे सुती, सैल, रोज बदललेले. कामावरून आल्या-आल्या आंघोळ. यानं निम्मे लोक सुटतात.

तालमीतल्या पोरांचा प्रकार थोडा वेगळा. लंगोट, घाम, हौदातली माती, आणि चौघांत एक टॉवेल. तिथं स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू एकाकडून दुसऱ्याकडं फिरतो. तो कित्येकांच्या नाकपुडीत काही त्रास न देता मुक्काम करतो आणि नाकातून हातावर, हातावरून जांघेत येतो. एकाच घरात किंवा एकाच तालमीत दोघा-चौघांना वरचेवर केसतुडं होत असतील तर पुवाचं कल्चर, म्हणजे जंतू कोणता आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं याची तपासणी करावी, नाकात लावायचा मलम ठरावीक दिवस लावावा, आणि ज्याचा त्याचा टॉवेल, ज्याचा त्याचा लंगोट, गरम पाण्यात धुतलेला, हे कसोशीनं पाळावं. कल्चर न करता दर वेळी नवं अँटिबायोटिक बदलत राहणं हा जंतूला तालीम देण्याचाच प्रकार आहे. आणि साखर तपासा. जेवणाआधीची, जेवणानंतरची आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी. पस्तिशीच्या आतही डायबेटिस सापडतो आणि कित्येकदा तो पहिल्यांदा अशा गळवातूनच कळतो.

पण काही जणांच्या बाबतीत एवढं सगळं पाळूनही गाठी थांबत नाहीत. तिथं मी कपडे काढून फक्त जांघ नव्हे, काखा, ढुंगणाची फट, बायकांत स्तनांच्या खालची घडीही बघतो. आणि गाठीपेक्षा जुन्या खुणांकडं जास्त बघतो. बरी झालेली जागा सपाट आहे की दोरीसारखा उंच व्रण पडलाय? एकाच छिद्रात शेजारी-शेजारी दोन काळी तोंडं असलेला ब्लॅकहेड दिसतोय? एका ठिकाणी दाबलं तर दोन बोटं पलीकडून लस येते का? हे दिसलं की निदानासाठी सहसा दुसरं काही लागत नाही. आजाराचं नाव हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा. नाव अवघड आहे, पण लिहून ठेवा, कारण पुढच्या डॉक्टरांना तुम्हालाच ते विचारावं लागू शकतं. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त वेळा, ठरावीक घड्यांच्या जागी, अशा खास गाठी येणं, ही त्याची व्याख्या. दोन वर्षं, दोन्ही जांघा, महिन्या-दीड महिन्याची फेरी आणि चिरा दिलेल्या जागी पुन्हा. म्हणून माझा अंदाज तिकडं जातो.

यात घडतं असं. केसाच्या मुळाची नळी वरच्या तोंडाशी बुजते. आत मळ साचतो, नळी फुगते आणि कातडीच्या आतच फुटते. शरीर त्या सांडलेल्या मालावर तुटून पडतं आणि जळजळ, सूज, पू तयार होतो. म्हणजे सुरुवात जंतूंनी होत नाही. जंतू मागाहून येतात. १८५४ साली व्हर्नॉय या फ्रेंच सर्जननं या आजाराचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला आणि नावातही तोच राहिला. आता माहीत आहे की मूळ केसात आहे. हे सांगायचं कारण एवढंच, की हा अस्वच्छतेचा आजार नाही. दिवसातून तीनदा डेटॉल ओतून जांघ भाजून घेणारे लोक येतात. त्यानं कातडी आणखी चिडते. हा संसर्गजन्य नाही. संबंधांतून, टॉवेलमधून, पाण्यातून बायकोला होणार नाही. काही घरांत मात्र तो रक्ताच्या नात्यात दिसतो, तेव्हा आई, मामा, भाऊ यांपैकी कुणाला काखेत किंवा जांघेत वरचेवर 'गळवं' येतात का हे विचारून बघा.

सिगारेट आणि वजन हे दोन्ही याला भडकवतात. सिगारेटचं तर फारच जवळचं नातं आहे. तुम्ही ओढता की नाही ते लिहिलेलं नाही. ओढत असाल तर ती बंद करणं हा औषधाचा भाग समजा. वजन जास्त असेल तर घड्या घासतात, आत ऊब राहते. बायकांमध्ये पाळीच्या आधी गाठी वाढतात, आणि कित्येकींना पीसीओडी, हनुवटीवर केस, अनियमित पाळी हेही असतं. त्यांनी ते सगळं एकाच वेळी सांगावं, तुकड्या-तुकड्यांनी नव्हे. मी पाहिलेल्या बऱ्याच बायका कॉलेजपासून हे सोसत असतात आणि पहिल्या बाळंतपणात नर्सच्या लक्षात येतं. परदेशातल्या पाहणीतही पहिल्या गाठीपासून निदानापर्यंत सरासरी सात वर्षं जातात असं दिसलं आहे. आपल्याकडं लाज धरली तर त्याहून कमी जात असतील असं वाटत नाही.

आता ती चिरा देण्याची गोष्ट. गाठ पिकून टम्म फुगली, झोपू देत नसेल तर चिरा देऊन पू काढणं हा आराम आहे, इलाज नाही. आतली बुजलेली नळी आणि तिचं अस्तर तिथंच राहतं, त्यामुळं गाठ जवळजवळ हमखास परत येते. हे पेशंटला चिरा देतानाच सांगायला हवं. न सांगितल्यामुळं तो डॉक्टर बदलतो, तिथं पुन्हा चिरा, पुन्हा व्रण. अशा चार-पाच चिऱ्यांनंतर आतून वाटा पडतात, नासूर होतो, आणि कातडीखाली बोगद्यांचं जाळं तयार होतं. आजाराच्या तीन पायऱ्या आम्ही धरतो, हर्ली नावाच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या. पहिलीत सुट्या गाठी, व्रण किंवा बोगदे नाहीत. दुसरीत पुन्हा पुन्हा गाठी, मधे निरोगी कातडी, पण व्रण आणि एखाद-दुसरा बोगदा. तिसरीत सगळा भाग जोडला गेलेला. तुम्ही पहिलीत किंवा दुसरीच्या उंबरठ्यावर असाल असं वाटतं. तिथं औषधांचा चांगला उपयोग होतो.

पहिल्या पायरीला क्लिंडामायसिनचं लोशन, बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा क्लोरहेक्झिडिनचा वॉश, आणि गरज पडली तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या दोन-तीन महिने. हे मेडिकलमधल्या पाच दिवसांच्या पट्टीसारखं नसतं. इथं गोळी जंतू मारण्यापेक्षा जळजळ शांत करायला दिलेली असते, आणि मधेच सोडली की गाठ परतते. एखादी दुखरी गाठ लवकर बसवायची असेल, समजा लग्नाच्या तोंडावर, तर त्वचातज्ज्ञ तिच्यात थेट स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ शकतात. एक-दोन दिवसांत ठणका उतरतो. क्लिंडामायसिन आणि रिफाम्पिसिनची जोडी पुस्तकात आहे, पण रिफाम्पिसिन हे टीबीचं औषध. आपल्या देशात पेशंटला टीबी नाही याची खात्री न करता ते एकट्या गळवांसाठी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जांघेच्या टीबीतही नासूर पडतो, लस येते, बरं न होणारा व्रण दिसतो, आणि दोन्हींची गल्लत होऊ शकते. शंका असेल तिथं कातडीचा तुकडा तपासायला पाठवावा.

दुसऱ्या-तिसऱ्या पायरीला शरीराची ही जळजळ दाबणारी अ‍ॅडॅलिमुमॅबसारखी इंजेक्शनं आहेत. अमेरिकेत त्याला या आजारासाठी २०१५ साली परवानगी मिळाली. महाग आहेत, आणि ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी करावीच लागते. बोगदे झालेले असतील तर चिरा देण्याऐवजी बोगद्याचं छप्पर अख्खं कापून काढतात आणि तळ उघडा ठेवून हळूहळू भरू देतात. जखम बघून घरचे घाबरतात, पण त्या जागी गाठ परत येण्याचं प्रमाण पुष्कळ कमी होतं. लेझरनं केस कायमचे कमी करणं हाही सुरुवातीच्या पायरीवर चांगला उपाय आहे, कारण केसच नाही तर बुजायला नळी नाही.

सिस्टचं एका परिच्छेदात सांगतो. एकच गाठ, एकाच जागी, मधोमध काळा ठिपका, दाबल्यावर वासाचा पांढरा लगदा, अधूनमधून सुजणारी, ती सिस्ट. सुजलेली नसताना पिशवीसकट काढली की प्रश्न मिटतो. पिशवी राहिली की ती पुन्हा भरते. बारीक, न दुखणारे, मधे खळी असलेले मोत्यासारखे दाणे असतील तर मोलस्कम. फुलकोबीसारखे खडबडीत असतील तर चामखीळ. दोन्ही विषाणूंचे, दोन्ही जोडीदाराला लागू शकतात, म्हणून ते मात्र लग्नाआधी दाखवून टाका.

जांघेतल्या खाजेवर मेडिकलमधून आणलेली लाल-पांढरी ट्यूब लावत असाल तर तीही सोबत घेऊन जा. अशा कित्येक ट्यूबांत क्लोबेटासोलसारखं कडक स्टेरॉइड असतं. नायट्यावर ती लावली की खाज दोन दिवसांत थांबते, नायटा मात्र आतून पसरतो, कातडी पातळ होते, पांढऱ्या-लाल भेगांच्या रेषा पडतात आणि केसाच्या मुळाशी पुळ्या येऊ लागतात. चिठ्ठीशिवाय ती विकायची नसते. विकली जाते, हे आपण सगळे जाणतो.

घाई कधी करायची ते सांगतो, कारण 'येते-जाते' याची सवय झालेला माणूस नेमका तिथं उशीर करतो. गाठीभोवतीची लाली तासातासाला पसरतेय, हुडहुडी भरून ताप आलाय, दिसतंय त्यापेक्षा दुखणं कितीतरी जास्त आहे, कातडी निळसर-काळी पडतेय, अंडकोषाची पिशवी सुजून घाण वास येतोय. डायबेटिसच्या पेशंटमध्ये हे फोर्नियर गँगरीन असू शकतं. त्यात काही तासांत कातडीखालचा भाग सडत जातो आणि ऑपरेशन त्याच दिवशी करावं लागतं. त्यावर शेक नको, लेप नको, ओळखीच्या कंपाउंडरचं इंजेक्शनही नको.

तुम्ही जायचं आहे ते त्वचातज्ज्ञांकडं. खाजगीत जा किंवा सीपीआरच्या त्वचारोग विभागात. हर्निया किंवा खालची नोड निघाली तर ते स्वतःच सर्जनकडं पाठवतील. ठरलेल्या दिवशी नेमकी गाठ बसलेली असते आणि 'आता काय दाखवू' म्हणून माणूस परत फिरतो. फिरू नका, जुने व्रण पुरतात. आजपासून गाठ आली की मोबाइलवर तिचा फोटो काढा, तारखेसह, चेहरा न येता. आजवर खाल्लेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, ट्यूब, चिरा दिला तेव्हाची चिठ्ठी, सगळं पिशवीत भरा. जाण्याआधी दोन दिवस मलम लावू नका, केस काढू नका. तपासताना सोबत कुणी असावं किंवा नसावं, हे तुम्ही सांगू शकता. बायकांनी नर्सला आत थांबायला सांगावं, तो त्यांचा हक्क आहे. आणि डॉक्टरांनी फक्त एक बाजू पाहून चिठ्ठी लिहायला घेतली, तर दुसरी जांघ आणि दोन्ही काखाही बघायला सांगा.